झोपाळा पुसला तरी पुन्हा चिकट? आधी मान वर करून जास्वंद बघा

सकाळी पुसलेला झोपाळ्याचा पाट दुपारी हाताला पुन्हा चिकट लागतो. बोट फिरवलं की बारीक बारीक थेंब जाणवतात, बसून उठताना कपडा हलकासा ओढला जातो आणि पाटाच्या कडेने मुंग्यांची रांग लागलेली असते. ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस बरे जातात. मग फडक्याला भांडी घासायचं लिक्विड लागतं. ‘ताई, साबणाशिवाय निघतच नाही हो ते,’ असं कामाला येणाऱ्या मावशी सांगतात आणि त्यांचं खोटं नसतं, तेवढ्यापुरतं निघतं. पण हळूहळू पॉलिशची तुकतुकी जाऊन पाट पांढुरका दिसायला लागतो. पांढुरका दिसतो म्हणून कुणीतरी खोबरेल तेलाचा हात फिरवतं. तेलावर धूळ बसते, आणि पाऊस सुरू झाला की त्या धुळीवर करडी-हिरवी बुरशी. दसऱ्यानंतर पॉलिशवाला येतो, पैसे मोजून झोपाळा नवा दिसतो, आणि उन्हाळा लागता लागता पुन्हा चिकट.

बाल्कनीत जास्वंद आणि सागवानी झोपाळा शेजारी शेजारी असले की हे हमखास होतं. इथे दुखणी दोन आहेत. एक झाडावर, दुसरं लाकडावर. दोन्हीवर आपण साबणच वापरतो आणि दोन्हीकडे उलट्या पद्धतीने. साबणाचं पाणी कीड मारतं ते ओलं असेपर्यंतच. वाळलं की किडीसाठी संपलं. लाकडाचा त्रास मात्र ते वाळल्यावर सुरू होतो. झाडावर एकदाच घाईने फवारून आपण विसरतो, आणि लाकडाला रोज लावून तसंच वाळू देतो.

चिकट नेमकं काय आहे?

रात्री झोपाळ्यावर एक स्टीलचं ताट उपडं ठेवा. सकाळी ते खिडकीच्या उजेडात तिरपं धरून बघा. त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे, वाळलेल्या साखरपाण्यासारखे चकचकीत ठिपके दिसले, तर चिकटपणा वरून पडतोय आणि लाकडाचा त्यात काही दोष नाही. ठिपके कोमट पाण्याच्या फडक्याने सहज निघतात, कारण ते साखरच आहेत. झाडाच्या खालच्या पानांवर आणि फरशीवरही तसेच डाग असतील; जुने असतील तर त्यांवर काजळी धरल्यासारखी काळी बुरशी दिसेल.

ताट कोरडं राहिलं तर दोष लाकडावरच्या थरात आहे. मग पाटाच्या खालच्या अंगाला, सहज दिसणार नाही अशा जागी, कोमट पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ घासून बघा. फडकं बुळबुळीत होऊन कडेला फेस आला तर साचलेला साबण आहे. पाण्याने काहीच फरक पडला नाही, खवट वास येतोय आणि वर्तमानपत्राचा तुकडा दाबून धरल्यावर त्यावर तेलकट डाग उमटतो, तर तेल. आणि अंगठा दाबला की ठसा राहतो, तो पुसूनही जात नाही, तर पॉलिशच मऊ पडलंय. हे शेवटचं बहुतेक करून हात आणि डोकं टेकतं तिथे होतं, कारण अंगाचं आणि केसांचं तेल वर्षानुवर्षं पॉलिशमध्ये मुरत असतं.

बऱ्याच घरांत यातली दोन-तीन कारणं एकत्र असतात. क्रम मात्र ठरलेला ठेवा: आधी झाड, मग लाकूड. वरून साखर गळत असताना खाली केलेलं पॉलिश म्हणजे पैसे पाण्यात.

झाडावर काय बघायचं

शेंड्यांपासून सुरुवात करा. जास्वंदीचे कोवळे शेंडे आकसून गुच्छासारखे झालेत, पानं चुरगळली आहेत, कळ्या उमलण्याआधीच गळतात, आणि पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी अडकलंय, तर तो पिठ्या ढेकूण. शेतकरी त्याला सरळ मिलीबग म्हणतात, घरी आपण ‘पांढरी कीड’ म्हणून मोकळे होतो. जास्वंदीवर येणाऱ्यांपैकी एका जातीचं अंग पांढऱ्या भुकटीखाली गुलाबी असतं. एक चिरडून बघा, लालसर रस निघतो. शेंडे आकसवणारी हीच.

मिलीबग झाडाचा रस पितो. रसात साखर भरपूर आणि प्रथिनांचा अंश अगदी कमी, त्यामुळे पोटापुरती प्रथिनं मिळवायला त्याला भरमसाट रस प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर तो मागून थेंबाथेंबाने टाकतो. तुमच्या ताटावर जे सापडलं ते हे. मावा, पांढरी माशी आणि मऊ खवले कीडही हाच उद्योग करतात, म्हणून झाड जास्वंदीऐवजी पेरू, लिंबू किंवा सीताफळ असलं तरी पुढचं सगळं लागू पडतं. फुलकिडे आणि लाल कोळी मात्र असे थेंब गाळत नाहीत. ते असतील आणि पाट चिकट असेल, तर आणखी कुणीतरी लपलंय.

फवारलं तरी पुन्हा का येतो?

साबणातली मेदाम्लं मऊ अंगाच्या किड्यावरचं मेण सैल करतात, पेशींची आवरणं फोडतात, आणि किडा सुकून मरतो. हे घडायला द्रावण किड्याच्या अंगावर प्रत्यक्ष लागलं पाहिजे आणि थोडा वेळ ओलं राहिलं पाहिजे. रासायनिक औषधासारखा त्याचा अंश पानावर मागे राहत नाही. तुळस-कढीपत्त्याशेजारी ते वापरता येतं ते याचमुळे, आणि ‘एकदा मारलं की झालं’ असं त्याच्या बाबतीत म्हणता येत नाही तेही याचमुळे.

आता मिलीबगची मादी काय करते बघा. ती कापसासारख्या पिशवीत अंडी घालते, काही जातींत पाचशे-सहाशेपर्यंत. पिशवी मेणाची, त्यामुळे पाणी तिच्यावरून ओघळून जातं. तुम्ही आज फवारलंत, उघड्यावरचे मेले, झाड स्वच्छ दिसलं. साधारण आठवड्याभरात पिशवीतली पिल्लं बाहेर पडतात, आणि तुमची बाटली तोवर कपाटात गेलेली असते. ही पिल्लं पिवळसर-गुलाबी, ठिपक्याएवढी, आणि त्यांच्या अंगावर अजून मेण नसतं. साबणाला ती सगळ्यात लवकर बळी पडतात. म्हणून फवारणी पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा करायची, दरम्यान झाड कितीही स्वच्छ दिसो. पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या मिलीबगच्या तक्रारी बहुतांशी इथेच मिटतात.

आकसलेल्या शेंड्यांवर फवारून काही उपयोग नाही, द्रावण आत पोचतच नाही. ते शेंडे कात्रीने कापा आणि लगेच साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. कापून कुंडीतच किंवा कचऱ्याच्या उघड्या डब्यात टाकलेत तर पिल्लं चालत परत येतील. कापताना जीव कळवळतो हे खरं, पण जास्वंद छाटणीने दाटच होते. फेब्रुवारीत छाटलीत तर गणपतीपर्यंत लाल फुलांना तोटा पडणार नाही.

कुठला साबण, किती

सगळ्यात बरा पोटॅशियमचा मऊ साबण. बागेच्या सामानाच्या दुकानात ‘पोटॅशियम सोप’ म्हणून बाटली मिळते. त्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा, साधारण लिटरला 10 मिलीच्या आसपास असतं. तो नसेल तर साधा, बिनवासाचा, बिनरंगाचा आंघोळीचा साबण किसून लिटरभर कोमट पाण्यात 5 ग्रॅम पूर्ण विरघळवा आणि गाळून घ्या. झाडाने सोसलं तर पुढच्या वेळी 10 ग्रॅमपर्यंत जा. त्यापुढे नको.

कपड्यांची पावडर झाडावर अजिबात मारू नका. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, चमक आणणारी रसायनं असतात, आणि पानांच्या कडा जळतात. भांड्यांचं लिक्विड हाही खरं तर साबण नव्हे, डिटर्जंट आहे; त्याने मावा मरतो, पण पानावरचं मेणही तो सोलून काढतो. एखाद्या वेळी थेंबभर चालून जातो, दर आठवड्याला नको. आणि साबण, व्हिनेगर, खायचा सोडा असं सगळं एका बाटलीत घालायचे जे नुस्खे मोबाइलवर फिरतात, ते सरळ पुसून टाका. व्हिनेगरमधलं आम्ल साबण फोडतं. वर पांढरे कण तरंगतात, पंपाचं तोंड तुंबतं आणि कामाचा साबण उरतच नाही.

पाणी हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतं. अर्धा साबण तिथेच वाया, आणि तो साका पानांवर पांढरे डाग ठेवतो. एका बाटलीत पाणी आणि थोडा साबण घालून जोरात हलवा. फेसाऐवजी वर दह्यासारखे कण जमले तर ते पाणी फवारणीला नको. आरओचं प्यायचं पाणी घ्या किंवा पावसाळ्यात साठवलेलं. आरओच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जातं ते वापरू नका, ते मूळ पाण्याहून जड असतं.

फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. भर उन्हात द्रावण दोन मिनिटांत वाळतं, कीड वाचते आणि पान भाजतं. मे महिन्यात पारा 32 अंशांच्या वर असताना तर थांबाच. कोमेजलेल्या झाडाला आदल्या दिवशी पाणी घाला, मग मारा. आधी दोन-चार पानांवर मारून दोन दिवस वाट बघा. नेचे, अनंत, टणटणी आणि मेणचट पानांची सक्युलंट्स साबणाला फारच हळवी असतात. फवारताना पानांच्या खालून, बेचक्यांतून, खोडाच्या सालीच्या भेगांतून, अगदी निथळेपर्यंत. वरवर धुकं मारून काही होत नाही. आणि हे सगळं करण्याआधी झोपाळ्याचा पाट काढून आत ठेवा, निघत नसेल तर प्लॅस्टिक टाका. नाहीतर झाडासाठी मारलेला साबण पाटावर वाळेल.

खोडाला चिकटलेले मोजके दोन-चार असतील तर फवारणीचा खटाटोप कशाला? कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेकाला टिपा. फक्त स्पिरिटची बाटली झोपाळ्यावर ठेवून हे काम करू नका. का ते पुढे येईलच.

कडुनिंबाचं तेल घालायचं असेल तर लिटरला 5 मिली, आधी साबणात घोटून मग पाण्यात. तिथे साबणाचं काम तेल पाण्यात मिसळवण्याचं आहे. शेतावरच्या पाच टक्के निंबोळी अर्कातही लिटरला 50 ग्रॅम निंबोळी पावडर आणि जेमतेम 2 ग्रॅम साबण असतो, तोही अर्क पानावर नीट पसरावा म्हणून. कढीपत्त्यावरच्या फुलपाखराच्या अळ्यांना मात्र साबण मारून काहीही होत नाही, त्या हाताने वेचायच्या.

मुंग्या, मुळं आणि शेजारी

फवारणी वेळापत्रकाप्रमाणे झाली तरी कीड परत येत असेल तर मुंग्या बघा. त्या गोड थेंबांसाठी मिलीबगची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. मुंग्यांची वाट तोडली की निम्मं काम झालं. जुन्या घरांत दूधदुभत्याच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या. तेच कुंडीच्या तिवईला करा, फक्त पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील. खोडाला चार बोटं रुंद कापडाची पट्टी बांधून त्या पट्टीवर पेट्रोलियम जेली लावा, सालीवर थेट नको. आणि झाडाची फांदी ग्रिलला किंवा भिंतीला टेकलेली असेल तर ती छाटा, नाहीतर मुंग्यांना दुसरा रस्ता तयारच आहे.

मग मुळं. कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी दिसली तर कीड जमिनीखालीही आहे, वर कितीही फवारा. जुनी माती टाका (दुसऱ्या कुंडीत वापरू नका), मुळं धुवा, नव्या मातीत लावा. नर्सरीतून आणलेलं नवं रोप पहिले दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवलं तर ही वेळच येत नाही. इमारतीच्या आवारात वाढलेलं गाजरगवतही मिलीबगच्या एका जातीला चांगलंच मानवतं, तेव्हा तळमजल्यावाल्यांनी ते उपटत राहावं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. मिलीबगच्या गर्दीत एखादा मोठा, जास्त लांब मेणाचे धागे असलेला आणि भराभरा चालणारा पांढरा किडा दिसला तर त्याला मारू नका. मिलीबग जेमतेम सरकतो, हा धावतो. ती क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी आहे, आणि ती मिलीबगच खाते. मोठा झाल्यावर तो गडद तपकिरी-काळा, तांबूस-नारिंगी डोक्याचा, मसुराच्या दाण्याएवढा दिसतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, कॉफीवरच्या खवले किडीसाठी 1898 मध्ये भारतात आणला गेला, आणि आज द्राक्षबागांतून मिलीबगवर मुद्दाम सोडला जातो. तो तुमच्या जास्वंदीवर आपणहून आला असेल तर साबण बंद, फक्त मुंग्या अडवा आणि त्याला त्याचं काम करू द्या. मी तरी असं झाड फवारणार नाही.

आता झोपाळा

ताटावरचे ठिपके थांबले की लाकडाकडे वळा. पहिला प्रश्न: पॉलिश कुठलं? जुन्या घरातल्या सागवानी-शिसवी सामानावर बहुतेक फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख. गेल्या काही वर्षांतलं असेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे कृत्रिम रेझिनचे थर. पाटाच्या खालच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकून मिनिटभर थांबा. जागा चिकट, मऊ झाली तर लाख. काहीच झालं नाही तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू.

गंमत अशी की लाख हीसुद्धा किड्याचीच देणगी. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणारा लाखेचा किडा मिलीबगच्याच गोतावळ्यातला; तोही रस पितो, गोड थेंब टाकतो, त्याच्याभोवतीही मुंग्या असतात. म्हणजे झोपाळ्यावरची चमक आणि झोपाळ्यावरचा चिकटा, दोन्ही भाऊबंदांकडूनच आलेलं.

लाखेचं एक वैगुण्य आहे: ती स्पिरिटमध्ये विरघळते तशी अल्कलीतही विरघळते. साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं. रोज साबणाच्या फडक्याने पुसलं तर दर वेळी लाखेचा अगदी पातळ पापुद्रा मऊ होतो, त्यात पाणी शिरतं आणि पॉलिश पांढुरकं पडतं. अमोनियाने हेच चटकन होतं. झोपाळ्याच्या पितळी कड्या जागेवरच द्रव पॉलिशने घासल्या की कड्यांभोवतीचं लाकूड पांढरं का पडतं याचं उत्तर इथे आहे. तशा पॉलिशमध्ये अमोनिया असू शकतो आणि घासायची बारीक पूड असतेच, ती लाकडाच्या रंध्रांत बसते. कड्या काढूनच घासा, मग चिंच वापरा नाहीतर पॉलिश. हात साफ करायच्या सॅनिटायझरमध्ये तर अल्कोहोलच असतं. त्या बाटलीखाली लाखेच्या टेबलावर उमटलेली गोल चकती कितीतरी घरांत 2020 पासून तशीच आहे.

साचलेला साबण काढायला पुन्हा साबण लावायचा नाही. नुसतं कोमट पाणी, घट्ट पिळलेलं सुती फडकं, हातभर जागा पुसली की लगेच कोरड्या फडक्याने पुसायची. पाणी पाटावर उभं राहता कामा नये. दोन-तीन वेळा केलं की बुळबुळीतपणा जातो. जड पाण्याचा साका पाण्याने निघत नाही, पण कोमट पाण्यात व्हिनेगरचे चार थेंब घालून पिळलेल्या फडक्याने एक हात फिरवला तर निघतो. मागोमाग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. तारेची घासणी सागवानाला कधीही लावू नका, तिचे कण ओल्या लाकडात काळे डाग पाडतात.

तेलाचा थर असेल तर टर्पेंटाइन. ते तेल आणि मेण उचलतं पण लाखेला धक्का लावत नाही. खिडक्या उघड्या, गॅस आणि निरांजन लांब, फडकं जेमतेम ओलं. खोबरेल, शेंगदाणा, मोहरी ही तेलं लाकडावर कधीच वाळत नाहीत, नुसती खवट होतात आणि बुरशीला पंगत मांडतात. वाळणारं तेल म्हणजे जवसाचं, तेही पॉलिश नसलेल्या कोऱ्या लाकडालाच, आणि लावल्यानंतर जादा सगळं पुसून घ्यायचं. जवसाच्या तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना तापतात, आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून कडक वाळू द्या किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

पांढुरकेपणा ताजा असेल तर घाई नको. कोरड्या हवेत दोन-तीन दिवसांत तो पुष्कळदा आपणहून उतरतो. न उतरल्यास पॉलिशवाला नुसता स्पिरिटचा हात फिरवून तो घालवतो. हे दिसतं तितकं सोपं नाही, बोळा क्षणभर थांबला तरी लाख निघून येते. हे काम त्यालाच करू द्या. त्यानंतर मधमाशीच्या मेणाचं पातळ पॉलिश वर्षातून एक-दोनदा पुरे. फवाऱ्याच्या चकचकीत फर्निचर पॉलिशमध्ये सिलिकोन असेल तर ते टाळा. पुढे नवं पॉलिश चढवताना त्या जागी माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात, आणि पॉलिशवाला सामानाला दोष देतो, तुम्ही पॉलिशवाल्याला.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून कधी मर्फी ऑइल सोपची बाटली येते. 1910 च्या सुमारास ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये सुरू झालेला हा लाकडासाठीचा साबण. तिकडे काही लोक तो पातळ करून गुलाबावरच्या माव्यावरही मारतात. पॉलिश केलेल्या लाकडाला, लेबलवरच्या प्रमाणात पातळ करून, तो बरा आहे. पण लाखेच्या झोपाळ्याला रोजचा साबण म्हणून तोही नको. आणि झाडासाठी त्याला परवाना नाही, तेव्हा फवारायला पोटॅशियम सोपच घ्या.

झोपाळ्याखाली चाळलेल्या पिठासारखी भुकटी पडत असेल आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं असतील, तर ते वेगळं दुखणं, लाकूड पोखरणारा भुंगेरा. त्याला, आणि वाळवीलाही, साबणाने काही होत नाही. ते लाकडाच्या आत असतात. तिथे कीडनियंत्रणवाला.

पावसाळ्याआधी

मिलीबगचा जोर फेब्रुवारीपासून मेपर्यंत, कोरड्या उन्हाळ्यात. जोराचा पाऊस त्याला बराचसा धुऊन काढतो, म्हणून जूनमध्ये ‘औषध लागू पडलं’ असं वाटतं, आणि पुढच्या होळीला पुन्हा पहिले पाढे. फवारणीचं चक्र माघात, पहिला पांढरा ठिपका दिसल्यावर सुरू करा, शेंडे आकसल्यावर नव्हे. झाडाला युरियासारखं नत्राचं खत या काळात कमी द्या; कोवळी, रसाळ फूट जितकी जास्त तितकी कीड खूश.

पॉलिशचं काम मात्र पावसाळ्यात काढू नका. हवेतली ओल लाखेत अडकते आणि नवं कोरं पॉलिश दुसऱ्या दिवशी ढगाळ दिसतं. दसरा-दिवाळीची कोरडी हवा त्याला चांगली. आणि बाल्कनीत पावसाचे शिंतोडे येत असतील तर फ्रेंच पॉलिशचा हट्ट सोडा. आजोबांच्या झोपाळ्यावर होतं म्हणून तेच हवं असं बरेच जण म्हणतात, पण आजोबांचा झोपाळा माजघरात होता. बाहेरच्या झोपाळ्याला बाहेरच्यासाठीचं पीयू लावून घ्या. पॉलिशवाल्याला सुरुवातीलाच सांगा की पाटावर साबण, तेल, मेण, स्प्रे यातलं काय काय लागलंय. त्यावरून तो नुसतं घासायचं की आधी टर्पेंटाइनने पुसायचं ते ठरवतो. खालच्या अंगालाही एक हात मारून घ्या, तिथूनच ओल शिरते. आणि कुंडी झोपाळ्याच्या वरून काढून दोन हात बाजूला ठेवा, ग्रिलच्या उन्हाकडच्या टोकाला.